कॅमेऱ्याची कळ कोणाच्या हाती?

१८८० च्या सुमारास आगरताळ्यात काढलेला एक फोटो आजही पाहायला मिळतो. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य आणि त्यांची राणी मनमोहिनी देवी एकमेकांना बिलगून बसले आहेत. त्या काळातल्या राजेरजवाड्यांच्या फोटोंमध्ये इतका मोकळेपणा शोधून सापडत नाही. तिथे असतात ताठ माना, तलवारीच्या मुठीवरचा हात आणि समोरच्या परक्या माणसाकडे लागलेली करडी नजर. इथे मात्र एक नवरा आहे आणि त्याची बायको. हे कसं जमलं, याचं उत्तर महाराजांच्या डाव्या हातात दिसतं. त्या हातात एक कळ आहे आणि लांब तारेने ती समोरच्या कॅमेऱ्याच्या शटरला जोडलेली आहे. हा फोटो काढायला दुसऱ्या कोणाची गरजच नव्हती.

बीरचंद्रांना छायाचित्रणाचा खराखुरा नाद होता. त्यांनी राजवाड्यात कॅमेरा क्लब चालवला, फोटोंची प्रदर्शनं भरवली. मनमोहिनी देवीही हे तंत्र शिकल्या आणि भारतातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री छायाचित्रकारांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. दूरवरून शटर चालवण्याचा इतिहास सांगताना लोक सहसा अमेरिकेपासून नाहीतर जपानपासून सुरुवात करतात. आगरताळ्याचा हा फोटो त्या इतिहासात फार आधी येतो आणि त्याला तिथे मानाची जागा मिळायला हवी.

त्याआधीच्या छायाचित्रकारांना कळ लागतच नव्हती, कारण कॅमेऱ्याला शटरच नसे. १८३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी स्वतःचा फोटो काढला तो भिंगावरचं झाकण काढून. झाकण काढायचं, कॅमेऱ्यासमोर जाऊन बसायचं, काही मिनिटं हलायचं नाही आणि मग उठून झाकण लावायचं. कोरड्या जिलेटिनच्या काचा १८७० च्या दशकात आल्या आणि फोटोला लागणारा वेळ सेकंदाच्या अंशावर उतरला. इतक्या थोड्या वेळात हाताने झाकण काढून परत लावता येत नाही. म्हणून यांत्रिक शटर आलं, शटर आलं म्हणून खटका आला आणि खटका आला म्हणजे तो लांबून दाबण्याच्या युक्त्याही आल्याच. स्टुडिओतल्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांना रबरी नळी लावलेली असे आणि नळीच्या टोकाला रबरी फुगा. फुगा दाबला की नळीतली हवा पुढे सरके आणि शटर उघडे. त्यामुळे बाळाला खुळखुळा दाखवत कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहूनही फोटो घेता येत असे. पुढे छोट्या कॅमेऱ्यांसाठी लवचीक केबल आली, आत तार आणि वर आवरण असलेली. ती आजही मिळते.

माणसाला जिथे जाता येत नव्हतं तिथेही याच काळात कॅमेरा पोचला. फ्रान्समधल्या आर्थर बाटू यांनी १८८८ मध्ये पतंगाला कॅमेरा बांधला आणि शटरला सावकाश जळणारी वात लावली. वात जळत आली की शटर आपोआप उघडायचं. जर्मनीतले औषधविक्रेते युलिउस नॉयब्रोनर यांनी कबुतराच्या छातीवर बांधायचा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्यात हवेच्या दाबावर चालणारा कालमापक ठरावीक वेळाने शटर सोडत असे. १९०६ च्या भूकंपानंतर उद्ध्वस्त झालेलं सॅन फ्रान्सिस्को जॉर्ज लॉरेन्स यांनी पतंगांच्या माळेला टांगलेल्या भल्यामोठ्या कॅमेऱ्याने टिपलं आणि जमिनीवरून तारेतून वीज पाठवून शटर चालवलं. या सगळ्या खटपटी पाहून कौतुक वाटतं. पण ज्या वाटेने पुढे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांवर चालणाऱ्या खटक्यापर्यंत जाता आलं, ती वाट जंगलातून गेली.

जॉर्ज शायरस हे अमेरिकेतले वकील आणि काही काळ संसदेचे सदस्य. लेक सुपीरियरच्या काठच्या ओजिब्वे आदिवासींची रात्री शिकार करण्याची एक पद्धत होती. होडीच्या पुढच्या टोकाला आग पेटवायची आणि काठावर त्या उजेडात चमकणाऱ्या डोळ्यांवर नेम धरायचा. शायरस यांनी ती उचलली, पण बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. मग ते आणखी पुढे गेले. आमिषाला किंवा वाटेवर दोरी बांधायची आणि प्राण्याने ती ओढली की फ्लॅशच्या दारूचा लखलखाट आणि शटर एकाच वेळी, अशी रचना त्यांनी केली. जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्यांचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. मासिक चित्रांचं पुस्तक होत चाललंय, असं म्हणत मंडळाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. त्या मासिकाची पुढची वाटचाल पाहता त्या दोघांचा अंदाज बरोबर होता आणि आक्षेप चुकीचा.

भारतात हे काम फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी केलं. ते संयुक्त प्रांतात वनाधिकारी होते. वडील कीटकशास्त्रज्ञ आणि भाऊ हॅरी चॅम्पियन, ज्यांनी केलेलं भारतीय जंगलांचं वर्गीकरण आजही वनखात्याच्या अभ्यासक्रमात आहे. त्या काळी साहेबाच्या हाती बंदूक आणि पायाशी मेलेला वाघ असलेले फोटो ढिगाने निघत. जंगलात आपल्या मर्जीने फिरणाऱ्या जिवंत वाघाचा फोटो मात्र जवळजवळ नव्हताच. चॅम्पियन शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत वाघाची ये-जा असलेल्या पायवाटा धुंडाळत. ताजे पंजे दिसले की दोन्ही बाजूंना कॅमेरे लपवून वाटेवर बारीक तार ताणत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमचा झगमगाट होई आणि शटर उघडे. ३ ऑक्टोबर १९२५ च्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये त्यांचे वाघाचे फोटो आले. १९२७ मध्ये त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक निघालं.

ही तार ताणणं किती कटकटीचं होतं, याची कल्पना आज येणार नाही. दवाने तार सैल पडे. वाळकी फांदी पडली तरी शटर सुटे. साळिंदर, तरस, गुराख्याची चुकार म्हैस, जो कोणी पहिला येई त्याचा फोटो निघे. एकदा दारू उडाली की त्या रात्रीचा खेळ संपला, कारण पुन्हा दारू भरायला आणि काच बदलायला माणूस जायला हवा. महिनोन् महिने खपून हातात मोजके फोटो पडत. तरी त्या मोजक्या फोटोंतून चॅम्पियन यांना एक मोलाची गोष्ट दिसली. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात, म्हणून फोटोवरून वाघ ओळखता येतो. जिम कॉर्बेट यांनी बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला, त्यामागेही चॅम्पियन यांच्या फोटोंची ओढ होती. पट्ट्यांवरून ओळखून वाघ मोजण्याची पद्धत यायला मात्र सहा दशकं जावी लागली. तेवढ्या काळात भारतातल्या वाघाचं जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

तारेला पर्याय म्हणून प्रकाशाचा विचार आधीपासून चालू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी फोटो-इलेक्ट्रिक शटरने उडत्या घुबडांचे फोटो काढले. प्रकाशाची तिरीप पक्ष्याने तोडली की कॅमेरा चाले. अडचण होती ती विजेची आणि उपकरणांच्या वजनाची. खिशात मावेल असा प्रकाशस्रोत तेव्हा नव्हता.

तो आला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रयोगशाळेतून. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्येच शोधले होते. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे त्यांनी तापमापक ठेवला आणि त्याचा पारा चढला. पण विजेवर चालणारा, तांदळाएवढा इन्फ्रारेड दिवा व्हायला १९६१ उजाडावं लागलं. जेम्स बियार्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून इन्फ्रारेड प्रकाश निघताना दिसला आणि पुढच्या वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. टीव्हीचा रिमोट याआधीच जन्मला होता. झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी १९५५ मध्ये साध्या प्रकाशाचा झोत टाकणारा रिमोट बनवला, पण खिडकीतून ऊन आलं की तो टीव्ही आपसूक चॅनेल बदले. पुढे पाव शतक ध्वनिलहरींचे रिमोट चालले आणि १९८० च्या दशकात इन्फ्रारेडने त्यांची जागा घेतली. कॅमेऱ्याचा रिमोट हा या टीव्हीच्या रिमोटचाच धाकटा भाऊ.

१९८० च्या आगेमागे निकॉनने मॉड्युलाइट एमएल-१ आणि कॅननने एलसी-१ बाजारात आणले. पाठवणारा एक संच आणि कॅमेऱ्यावर बसवायचा दुसरा, पल्ला सुमारे ६० मीटर. यासोबत मोटर ड्राइव्ह किंवा वाइंडर घ्यावाच लागे, नाहीतर एका फोटोनंतर फिल्म पुढे सरकवायला ६० मीटर चालत जायचं. त्यामुळे ही साधनं मासिकांच्या आणि वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांपुरती राहिली. सामान्य हौशी माणसाच्या हाती रिमोट आला तो १९९० च्या दशकात, फिल्म आपोआप गुंडाळणाऱ्या कॅमेऱ्यांसोबत. २००४ मध्ये निकॉनचा डी-७० हा डिजिटल कॅमेरा आला आणि त्याच्याबरोबर एमएल-एल३ हा बोटभर रिमोट. एक बटण, आत नाण्याएवढा सेल. असा छोटा रिमोट भारतातल्या हजारो कॅमेऱ्यांच्या बॅगांमध्ये आजही पडलेला असेल.

तो चालतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. बटण दाबलं की त्याच्या टोकाचा दिवा सेकंदाला ३८ हजारांहून अधिक वेळा लुकलुकतो. सूर्यप्रकाशात आणि दिव्यांच्या उजेडातही इन्फ्रारेड असतंच. त्यातून रिमोटचा संकेत वेगळा ओळखता यावा म्हणून ही विशिष्ट लुकलुक. तिचे छोटे-मोठे तुकडे आणि मधल्या विरामांची लांबी, हीच कॅमेऱ्याला दिलेली आज्ञा. निकॉनच्या संकेतात दोन मिलिसेकंदांचा पहिला तुकडा असतो, मग लांब विराम आणि त्यापुढे तीन अगदी आखूड तुकडे. कॅननचा त्याहून साधा. दोनच तुकडे आणि मधला विराम सात मिलिसेकंदांच्या वर असेल तर लगेच फोटो, पाच मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर दोन सेकंदांनी. या संकेतात कॅमेऱ्याचं नाव-गाव काहीच नसतं. दहा जण शेजारी शेजारी निकॉन कॅमेरे रिमोटवर लावून बसले असतील तर एकाच्या बटणाने दहाही कॅमेरे वाजू शकतात. रिमोट चालतो की नाही हे तपासायचं असेल तर त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावं. डोळ्यांना न दिसणारा दिवा बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर जांभळट लुकलुकताना दिसतो.

आणखी एक बारकावा आहे आणि तो कंपन्यांच्या मनातला हेतू उघड करतो. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत संकेत घेणारी खिडकी पुढच्या बाजूला, मुठीजवळ असते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून रिमोट चालत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रात्री ताऱ्यांचे फोटो काढणारा कॅमेऱ्याला हात न लावता शटर सोडायला पाहतो, तर त्याला कॅमेऱ्याला वळसा घालून हात पुढे आणावा लागतो किंवा समोर तळहात धरून त्यावरून किरण परतवावे लागतात. हा रिमोट बनवला होता कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्यासाठी. घरातल्या ज्या माणसाच्या हातात कायम कॅमेरा असतो आणि म्हणून जो कुठल्याच फोटोत नसतो, त्याला चौकटीत आणण्यासाठी. बीरचंद्रांच्या हातातल्या कळीचं काम तो करत होता, फक्त मधली तार गेली होती.

जंगलात याच किरणांनी उलटं काम केलं. तिथे बटणही गेलं.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा गावी ट्रेलमास्टर नावाचं उपकरण बनत असे. वाटेच्या एका बाजूला इन्फ्रारेड किरण सोडणारी डबी, दुसऱ्या बाजूला तो घेणारी. मधून कोणी गेलं आणि किरण तुटला की कॅमेरा चाले आणि तारीख-वेळेची नोंद होई. चॅम्पियन यांच्या तारेच्या जागी आता न दिसणारी, सैल न पडणारी, रात्रभर ताणलेली तार आली होती. नागरहोळेच्या जंगलात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी असे कॅमेरे जोडीने लावले. जोडीने अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी मिळाल्या तरच त्या वाघाची पक्की ओळख पटते. पुढे अमेरिकन वन्यजीवशास्त्रज्ञ जेम्स निकल्स यांच्यासोबत त्यांनी पेंच, कान्हा, नागरहोळे आणि काझीरंगा इथल्या वाघांची घनता काढली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे पेंचमध्ये ४.१, तर काझीरंगात १६.८ वाघ निघाले. पद्धत मासे आणि पक्षी मोजणाऱ्यांची. आधी किती जण टिपले गेले, पुन्हा टिपताना त्यातले किती परत दिसले, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधायचा.

वनखात्याला हे पटायला वेळ लागला. १९६० च्या दशकापासून देशात पंजाच्या ठशांवरून वाघ मोजले जात. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि अनुभवी डोळ्याने वाघ वेगळा ओळखायचा. या पद्धतीने २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ निघाले. मग राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नसल्याचं २००५ मध्ये उघड झालं. कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं, ठशांची पद्धत मागे पडली आणि कॅमेऱ्यांवर आधारलेल्या नव्या अंदाजात २००६ साठी आकडा आला १,४११. दोन्ही पद्धती वेगळ्या असल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. पण देशाला हादरा बसला आणि तो बसायलाच हवा होता.

त्यानंतर कॅमेऱ्यांचं जाळं पसरत गेलं. आता बहुतेक ठिकाणी दोन डब्या लागत नाहीत. एकाच डबीतला सेन्सर आसपासच्या उष्णतेत हलणारा गरम देह ओळखतो. त्याची मर्यादा विदर्भात काम करणाऱ्यांना लक्षात ठेवावी लागते. उन्हाळ्यात जमीन आणि हवा प्राण्याच्या अंगाइतकीच तापली की सेन्सरला फरक कळेनासा होतो आणि भर दुपारी समोरून गेलेलं जनावर सुटू शकतं. तरीही २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. फोटो मिळाले ३ कोटी ४८ लाखांहून अधिक, त्यातले वाघांचे ७६,६५१. गिनीज बुकाने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. त्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ आहे की नाही या वादालाही २०१८ मध्ये अशाच एका कॅमेऱ्याने उत्तर दिलं.

मोजणीपलीकडे या तंत्राने चित्रंही दिली. मुंबईच्या नयन खानोलकर यांचा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या आरे कॉलनीतल्या वारली पाड्यावरचा बिबट्याचा फोटो २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. घरांमधली अरुंद बोळ, भिंत आणि तिथून रोजच्या सवयीने चाललेला बिबट्या. बोळीत नेहमी असतो तसाच उजेड पडेल असे दिवे लावून खानोलकर चार महिने त्या एका चौकटीमागे होते. बोट कॅमेऱ्यावर नसलं तरी फोटो काढणारा माणूसच असतो, हे त्या फोटोत दिसतं. जागा, उंची, उजेड आणि त्या वाटेने कोण, कधी, कुठल्या बाजूने येतं याची जाण, हे सगळं माणसाचं. किरणाने फक्त क्षण सांगितला.

हातातल्या छोट्या रिमोटचे दिवस मात्र सरत आले. उन्हात त्याचा पल्ला आटतो, मध्ये झाडाची फांदी आली तरी तो अडतो. व्यावसायिकांनी रेडिओवर चालणारे ट्रिगर केव्हाच घेतले आणि २०१७-१८ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांचे ब्लूटूथ रिमोट आले. निकॉनच्या २०१८ मधल्या डी-३५०० कॅमेऱ्यात इन्फ्रारेडची खिडकी उरली नाही. जुना कॅमेरा असलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. एसी-टीव्हीसाठी इन्फ्रारेड दिवा असलेले रेडमीसारखे मोबाइल भारतात अजून विकले जातात आणि योग्य अ‍ॅप घातलं की तेही जुन्या निकॉन-कॅननची कळ दाबतात.

जंगलातल्या कॅमेऱ्यांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. किरण तोडणारा वाघ आहे, की सरपण आणि गवत आणायला निघालेली बाई, हे यंत्राला कळत नाही. त्रिशांत सिमलाई यांचं कॉर्बेट परिसरातलं संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे गावातल्या स्त्रियांचं जंगलातलं वागणं कसं बदललं, हे त्यात पुढे आलं. त्या मोठ्याने बोलेनाशा झाल्या, गाणी थांबली, एका स्त्रीचा खासगी क्षणाचा फोटो तर लोकांमध्ये फिरला आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. जंगलात मोठ्याने बोलणं, गाणं ही वाघ-हत्तींना चाहूल देऊन स्वतःचा जीव वाचवण्याचीही रीत असते. ती थांबणं धोक्याचं आहे.

महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत आणि त्यांच्या भोवती शेकडो गावं. तिथे कॅमेरा लावण्याआधी ग्रामसभेत सांगावं, कॅमेरा कुठल्या वाटेवर आणि किती दिवस असेल याची पाटी गावात लावावी. माणसांचे फोटो संगणकावर उतरताक्षणी पुसावेत आणि ते बाहेर देणाऱ्यावर कारवाई करावी. फोटोंतली माणसं आपोआप वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आज सहज उपलब्ध आहेत. वनखात्याने हा नियम पुढच्या गणनेआधी लेखी करावा.